सरकार म्हणते थांब, घर म्हणते आटप!

रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या अभ्यासिकेतले मोबाइल थरथरायला लागतात. सायलेंटवर असतात सगळे, पण टेबल हलतो नं! गावाकडे जेवणं आटोपलेली असतात, ही घरून फोन यायची वेळ. मग एकेक जण उठून जिन्यात जातो. तिथं उभं राहिलं की कोणाचं घर दर्यापूरचं, कोणाचं बाळापूरचं, कोणाचं चांदूर बाजारचं ते कळतं. प्रश्न मात्र सगळीकडून एकच येतो.

"कई हाये वो तुई परीक्षा?"

"पुढे गेली बाबा."

"पुन्हा?"

या "पुन्हा?"नंतर जी शांतता होते नं, ती स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. बाबा रागावत नाहीत, शिव्या देत नाहीत. फक्त "बरं, जेवली का?" म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं.

मी २७ वर्षांची. गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं, राहणं अमरावतीत, दोघींत एक खोली. हे माझं चौथं वर्ष. या चार वर्षांत मला एक गोष्ट कळली. माझ्यावर दोन जणांची हुकमत आहे, एक सरकार आणि दुसरं घर. दोघांची घड्याळं मात्र वेगळी चालतात. राज्यसेवेला वयाची अट खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे सरकारच्या हिशेबाने माझ्याकडे अजून १६ वर्षं आहेत. आणि आत्याच्या हिशेबाने माझी मुदत मागच्या तुळशीच्या लग्नालाच संपली!

दहावीची परीक्षा कधी पुढे गेली होती?

बाबांना सगळ्यात मोठी शंका हीच. त्यांच्या माहितीतली परीक्षा म्हणजे दहावीची. मार्च आला की होते. ती जागची हलत नाही. मग तुमचीच कशी हलते?

आता त्यांना कसं सांगू? २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा ५ एप्रिलला होती. कोरोना आला, पुढे गेली, तिथवर ठीक. पण ढकलत ढकलत ती १४ मार्च २०२१ वर आली आणि अवघे तीन दिवस उरले असताना पुन्हा पुढे! पोरं-पोरी पुण्याच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे २१ मार्चला झाली. २०२४ ची पूर्व परीक्षा २८ एप्रिलला ठरली होती. ती सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी बँकेचीही परीक्षा निघाली. पुन्हा आंदोलन, पुन्हा नवी तारीख. शेवटी १ डिसेंबरला पेपर झाला.

तलाठी भरती २०२३ ची गोष्ट तर घराघरांत माहीत आहे. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे सव्वादोनशे जण. २१ ऑगस्टला सर्व्हर बसला आणि पोरं केंद्राबाहेर ताटकळत राहिली. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या पेपरात २१४ गुण दिसले! त्याला 'सामान्यीकरण' म्हणतात. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे पेपर झाले की सोपा-अवघड बरोबरीला आणायचं ते गणित. मला ते समजलं. पण आमच्या पारावर बसणाऱ्या मंडळींना २०० पैकी २१४ कसे पडतात ते तुम्हीच येऊन समजावून सांगा.

आणि पेपरफुटी काही दूरची बातमी राहिली नाही. मृद व जलसंधारण विभागाच्या ६७० जागांची परीक्षा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमरावतीच्याच एका केंद्रावरचा गैरप्रकार उघड झाला. परीक्षा रद्द झाली, पुन्हा घ्यावी लागली. त्याच वर्षी केंद्राने आणि राज्याने पेपरफुटीविरुद्ध कायदे केले. तीन ते पाच वर्षं कैद, दहा लाखांपर्यंत दंड. चांगलंच झालं. पण ज्यानं इमानदारीनं पेपर सोडवला त्याच्या गेलेल्या महिन्यांचं काय? त्यानं घरी पुन्हा तेच सांगायचं, "पुढे गेली बाबा."

फीचं वेगळंच. तलाठीच्या फॉर्मला खुल्या गटाला हजार, मागासवर्गीयांना नऊशे रुपये होते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात कित्येकांना चार हजारांच्या आसपासच मिळाले. म्हणजे एका क्विंटलमध्ये चार फॉर्म आणि मूर्तिजापूर ते बडनेरा जायचं-यायचं भाडं. बाबा मला पैसे पाठवतात तेव्हा रुपये मोजत नाहीत, पोते मोजतात.

तुकाराम आणि तुक्या

परीक्षा नसते तेव्हा कागद असतात. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि सगळ्यांचा बाप म्हणजे जात पडताळणी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तेव्हा बाबासुद्धा जन्मले नव्हते. मग शोध सुरू होतो. आजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल. हे कोतवाल बुक म्हणजे जुन्या काळी गावच्या कोतवालानं ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद. अर्ध्या पानाला वाळवी आणि अर्ध्यावर मोडी.

आमच्या पणजोबांचं नाव शाळेच्या रजिस्टरात 'तुकाराम' निघालं आणि कोतवाल बुकात 'तुक्या'. खिडकीतले साहेब चष्मा वर करून म्हणाले, "हे दोन वेगळे माणसं दिसतात." बाबा माझ्यासोबत होते. ते हळूच म्हणाले, "साहेब, त्या काळात गरिबाले कोन तुकाराम मनत होतं?"

साहेब हसले. पण प्रतिज्ञापत्र करून आणायला लावलंच. चार चकरा, चार रोजंद्या बुडाल्या. आता मावशी म्हणते, लग्न करून घे, परीक्षा तिकडून देजो. मावशीला काय सांगू, आडनाव बदललं की कागदांची कटकट पुन्हा!

एकाच घरात दोन न्याय

आता घरची गोष्ट सांगते, थोडी अवघड आहे.

माझा दादा ३१ वर्षांचा. बीए झालेला, चार एकर शेती बघतो. निर्व्यसनी, कामाला वाघ. त्याला पोरगी मिळत नाही. पाहणं होतं, पोहे होतात आणि मग निरोप येतो, "पोराले नोकरी नाई नं." हे फक्त आमच्याच घरी आहे असं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी डोक्याला बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला होता. सगळे हसले. आमच्या घरी कोणी हसलं नाही.

बाबा म्हणतात, "लोकं पैशाचे झाले. शेतकऱ्याच्या पोराले कोनी पोरगी देत नाई." आणि लगेच दुसऱ्या वाक्याला मामांना फोन लावतात, "हिच्यासाठी एखादा नोकरीवाला पाहा."

दादाला नोकरी नाही म्हणून त्याचं लग्न होत नाही. मला नोकरी लागायच्या आत माझं लग्न झालं पाहिजे. एकाच घरात, एकाच चुलीपाशी हे दोन न्याय. आणि दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट, पक्क्या पगाराची ती नोकरी. जी निघत नाही, निघाली तर पुढे जाते, झाली तर फुटते.

दूर देशीची पोरंही जिन्यातच

तुम्हाला वाटत असेल हे वऱ्हाडाचंच रडगाणं. तर थोडं दूर, आफ्रिकेतल्या नायजेरियात पाहा. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचा संप फेब्रुवारी ते ऑक्टोबर असा आठ महिने चालला. पोरं घरी बसून. त्याआधी २०१८ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी लंडनच्या एका कार्यक्रमात म्हणाले होते की, बऱ्याच तरुणांना काही न करता घर, दवाखाना, शिक्षण फुकट हवं असतं. त्यावर तिथल्या पोरांनी आपापल्या राबण्याचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, 'आळशी नायजेरियन तरुण'.

हे वाचलं तेव्हा मला मामा आठवले. "आजकालच्या पोट्ट्याइले बसून खायाले पायजे" हे त्यांचं आवडतं वाक्य. फरक इतकाच की मामा लंडनला जाऊन म्हणत नाहीत, आमच्या ओसरीत बसून म्हणतात. तिकडे देश सोडून जाण्याला योरुबा भाषेतला 'जापा' हा शब्द आहे. आमचा जापा म्हणजे पुण्याची ट्रॅव्हल्स. रोज संध्याकाळी अमरावती-अकोल्याहून भरून निघते.

दिवाळीतला कागद

मागच्या दिवाळीत मामांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कितीदा नापास होशील व?" मी उठून आत गेले. रडले, खोटं कायले बोलू. मग जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला दोन रकाने आखले. डावीकडे मी काय केलं, उजवीकडे सरकारनं काय केलं. फॉर्म भरला. तारीख आली. तारीख गेली. पुन्हा तारीख. पेपर झाला. निकाल अडला. चार वर्षांचं सगळं लिहून काढलं.

रात्री मामा गेल्यावर तो कागद बाबांसमोर ठेवला. बाबांनी चष्मा शोधला, सापडला नाही. दादानं मोठ्यानं वाचलं. बाबा ऐकत राहिले. शेवटी बोट धरून मोजलं आणि म्हणाले,

"म्हंजे तू पेपरले तीनदाच बसली?"

"हाव बाबा. तीनदा. एकदा चार मार्कानं गेलं."

"मले तं वाटे नवदा झालं."

माझ्या तेव्हा ध्यानात आलं. परीक्षा पुढे गेली की घरी त्याची नोंद 'नापास' अशी होत होती! मी मनातल्या मनात सरकारवर चिडत होते आणि बाबा मनातल्या मनात माझ्या खात्यावर भोपळे टाकत होते. सरकार तर आमच्या ओसरीत कधी आलंच नाही. मग राग काढायला समोर उरलो आम्हीच.

मीही बाबांचं चुकीचंच मोजत होते. मला वाटे त्यांना माझं लग्न उरकायची घाई झाली. ते म्हणाले, "घाई नाई बेटा, भेव हाये. यंदा कपाशी गेली. उद्या मले काई झालं तं तुये फॉर्म कोन भरन?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेवढ्यात दादा खाली बघत बोलला, "बाबा, आपुनबी तं हिच्यासाठी नोकरीवालाच पाह्यतो. मंग लोकाइले काय नावं ठेवाचे?" बाबा काही बोलले नाहीत. पण मामांना फोनही लावला नाही.

त्या रात्री ठरलं ते एवढंच. परीक्षा मोजायच्या त्या झालेल्या, ठरलेल्या नाही. अजून दोन खऱ्या परीक्षा द्यायच्या. तोवर मी सकाळी शिकवणी घेऊन खोलीचं भाडं काढायचं. आणि परीक्षा पुढे गेली की मी फोनवर कारणासकट सांगायचं, नुसतं "पुढे गेली" नाही.

कागद अडला तर

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं असतं आणि तो फलक कार्यालयात लावावा लागतो. अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसकट. मुदत टळली तर ३० दिवसांच्या आत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर आयोग. आयोगाचं विभागीय कार्यालय अमरावतीतच आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील करायची वेळ क्वचितच येते. पण "पोच द्या" म्हटलं तरी खिडकीतला आवाज बदलतो, हा माझा अनुभव.

परवा पुन्हा एका परीक्षेची तारीख सरकली. साडेनऊला फोन आला. मी जिन्यात जाऊन सगळं कारण सांगितलं. पलीकडे शांतता. मग बाबा दादाला म्हणाले, "अरे, तो कागद आन. उजव्या बाजूले लिही."

तुमच्याही घरी असा कागद लिहून पाहा. नोकरी त्यानं लागणार नाही. पण कोणाची चूक कोणाच्या रकान्यात आहे, तेवढं तरी कळेल.