फुरसतीचा कारभार : अमेरिकेतील एक वेगळी पदवी आणि तिचा हिशोब

मागे आमच्या पेढीवर एक जुने व्यापारी आले. माल पाहण्याऐवजी चिंतेतच बसले. म्हणाले, ''भाई, मुलगा म्हणतो अमेरिकेत जाऊन रिक्रिएशनमध्ये मास्टर्स करणार. खेळण्या-बागडण्याची कुठे डिग्री असते का? आणि त्यासाठी आम्ही ईदच्या सीझनचे भांडवल मोडायचे?'' आम्हालाही उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही शिकलो उर्दू शाळेत. तिथे खेळाचा तास म्हणजे मास्तरांची फुरसत! मग चौकशी केली. जे समजले ते आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

हा विषय आहे तरी काय?

अमेरिकेत बागा, मैदाने, पोहण्याचे तलाव, वृद्धांची केंद्रे, मुलांची सुट्टीतील शिबिरे हा नगरपालिकांच्या कामाचा मोठा भाग आहे. याची सुरुवात अगदी साधी होती. 1885 साली बोस्टन शहरात गरीब वस्तीतल्या मुलांना खेळण्यासाठी वाळूचा ढीग टाकला गेला. 1906 साली मैदानांसाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1965 साली पाच संस्था एकत्र येऊन आजची 'नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन' झाली. काम वाढले तशी शिकलेल्या व्यवस्थापकांची गरज भासली आणि विद्यापीठांत हा विषय आला.

पदवीचे नाव सगळीकडे एक नाही. क्लेमसन व नॉर्थ कॅरोलिना स्टेट या विद्यापीठांत 'पार्क्स, रिक्रिएशन अँड टुरिझम मॅनेजमेंट', तर इलिनॉयमध्ये 'रिक्रिएशन, स्पोर्ट अँड टुरिझम' असा विभाग आहे. म्हणून नावावर न जाता अभ्यासक्रम पाहावा.

शिकवतात काय?

खेळायला शिकवत नाहीत, खेळाची पेढी चालवायला शिकवतात. अंदाजपत्रक, नोकरवर्ग, कायदा, इमारतींची देखभाल, लोकांची गरज मोजण्याच्या पद्धती हे मुख्य विषय. शेवटी प्रबंध किंवा प्रत्यक्ष काम. पूर्णवेळ शिकणाऱ्यास साधारण दोन वर्षे लागतात.

एक उदाहरण देतो. नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव आहे. जीवरक्षकांचा पगार, पाण्यातली औषधे, सफाई, वीज असा खर्च आहे. तिकीट किती ठेवायचे? आम्ही दुकानदार प्रत्येक ठाणावर नफा काढतो. तिथे मात्र लहान मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला कराच्या पैशातून मदत देतात, कारण पोहता येणारे मूल वाचले तर फायदा साऱ्या गावाचा. उलट मोठ्यांच्या हौशी संघांचे सामने असतील तर पुरता खर्च त्यांच्याकडूनच घेण्याचा रिवाज आहे. कोणत्या कामावर किती तोटा सोसायचा हे आधी ठरवून लिहून ठेवणे, हीच या शिक्षणाची खरी अक्कल.

दुसरी गोष्ट जबाबदारीची. झोपाळ्याखाली कडक जमीन चालत नाही. लाकडाचा चुरा, रबर असे मऊ काही हवे. त्याची तपासणी कोणी, कधी केली याची नोंद हवी. मूल पडले आणि दावा लागला तर कोर्टात ती वहीच कामाला येते.

याच विषयाची एक शाखा दवाखान्यात जाते. अपंग, वृद्ध, मानसिक रुग्ण यांच्यावर खेळ व छंदांच्या साहाय्याने उपचार करणारे 'सीटीआरएस' हे प्रमाणपत्र घेतात. त्यासाठी ठरलेले शिक्षण, सहसा 560 तासांचे प्रत्यक्ष काम आणि परीक्षा लागते.

आता नफा-तोटा

पहिली अडचण आपल्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम.ची. काही विद्यापीठे ती चालवून घेतात, काही चार वर्षांची पदवी मागतात. फी भरण्यापूर्वी हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. या क्षेत्राची मान्यता देणारी 'सीओएपीआरटी' ही संस्था बॅचलर पदवीच तपासते. म्हणून मास्टर्सवर तिचा शिक्का नसला तर घाबरू नये. विद्यापीठाची स्वतःची मान्यता मात्र जरूर पाहावी.

तिसरे, घरी बसून ऑनलाइन करण्याच्या पदव्याही आहेत. पण संपूर्ण ऑनलाइन अभ्यासावर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. या आमच्या परिचिताच्या मुलाला एका एजंटाने अशाच अभ्यासक्रमाचे कागद दाखवले होते. वेळीच लक्षात आले, नाहीतर फी जाऊन मुलगा घरीच राहिला असता.

चौथे, खर्च. विद्यापीठ 'आय-20' नावाचा कागद देते, त्यावर वर्षाचा पुरा अंदाज असतो. किमान पहिल्या वर्षाचा पैसा आपल्याकडे आहे हे दाखवावे लागते. येथे 'असिस्टंटशिप'ची चौकशी अवश्य करावी. विद्यापीठाच्याच व्यायामशाळेत किंवा क्रीडा विभागात आठवड्याला वीस तासांपर्यंत काम, त्याबदल्यात मानधन आणि अनेक ठिकाणी फीमध्ये माफी. ज्यांना व्याजी कर्ज नको आहे त्यांच्यासाठी हाच खरा रस्ता. पण जागा थोड्या असतात, अर्ज लवकर करावा लागतो.

पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे. पदवीनंतर तिथे साधारण बारा महिने काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान-इंजिनीअरिंगवाल्यांना मिळणारी आणखी चोवीस महिन्यांची वाढ या विषयाला सहसा मिळत नाही. पुढच्या एच-वन-बी व्हिसाची संख्या कायद्याने मर्यादित आहे. तेव्हा तिथल्या पगारातून कर्ज फेडू, या भरवशावर जाणे म्हणजे उधारीवर उधारी करणे होय.

मग जावे की नाही?

परत येऊन काम करण्याची तयारी असेल तर विद्या वाया जात नाही. रिसॉर्ट, वॉटर पार्क, क्रीडासंकुल, वृद्धाश्रम यांना हिशोबी व्यवस्थापक लागतोच. खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 साली सुरू झाले; असा पसारा नुसत्या पाळण्यांवर चालत नाही. मात्र इथे या पदवीच्या नावाने जाहिराती निघत नाहीत. मुलाला आपले काम स्वतः पटवून द्यावे लागेल.

आम्ही त्या बंधूंना इतकेच सांगितले. मुलाला आधी इथल्याच एखाद्या रिसॉर्टवर सहा महिने नोकरी करू द्या. आवड टिकली, असिस्टंटशिप मिळाली, तर पाठवा. नाही मिळाली, तर सीझनचे भांडवल मोडू नका. मुलाची तालीम आणि घराची रोटी, दोन्ही एकाच गल्ल्यातून निघतात.