काळ्या जमिनीतले सोयाबीन आणि खतांचा मेळ

विदर्भ-मराठवाड्यातील काळी जमीन बेसॉल्ट खडकापासून बनलेली आहे. तिच्यात पालाश सहसा भरपूर असते, पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी असतात. चुनखडी जास्त आणि सामू आठच्या पुढे असला, की स्फुरद, लोह आणि जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाहीत. अशा शेतात सोयाबीनची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. युरिया टाकून ती भरून निघत नाही.

पिकाला १७ अन्नद्रव्ये लागतात. त्यांतले जे सर्वांत कमी पडते, त्यावर उत्पादन अडते. बाकीच्यांवर केलेला खर्च वाया जातो. हा नियम कार्ल श्प्रेंगेल यांनी १८२८ मध्ये मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग यांनी तो सर्वदूर पोहोचवला.

२०१० पासून स्फुरद व पालाशयुक्त खतांना अन्नद्रव्यांनुसार अनुदान मिळते. युरियाची किंमत मात्र सरकारच ठरवते. तो स्वस्त पडत असल्याने नत्राचा वापर गरजेपेक्षा वाढतो. सोयाबीनला तर त्याची गरज मुळातच कमी, कारण मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. वरून जादा नत्र दिला तर गाठी कमी धरतात आणि झाड नुसतेच माजते. त्यापेक्षा पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम लावणे स्वस्त पडते.

सोयाबीन हे तेलबियांचे पीक असल्याने त्याला गंधकही लागते. ६० किलो स्फुरद द्यायचे असेल, तर डीएपी सुमारे १३० किलो लागते; त्यातून गंधक मिळत नाही. तेवढेच स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून दिले, तर ३७५ किलो खत लागते, पण सोबत सुमारे ४० किलो गंधक मिळते.

कोणते खत किती द्यायचे, हे माती परीक्षणावरून ठरते. नमुना पीक निघाल्यावर, खत टाकण्यापूर्वी घ्यावा. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताचे ढीग टाळून शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत. त्यांतली माती एकत्र करून, सावलीत वाळवून त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा १२ बाबी नोंदल्या जातात. पालाश भरपूर निघाल्यास त्याची मात्रा घटवता येते आणि वाचलेला पैसा जस्त किंवा गंधकाकडे वळवता येतो.

रासायनिक खतांसोबत शेणखत, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत आणि सोयाबीनचे कुटार जमिनीत गेले, तर कर्ब टिकतो आणि दिलेली खते पिकाला नीट लागू पडतात. फायदा पडताळण्यासाठी एका पट्ट्यात नेहमीची खते आणि शेजारच्या पट्ट्यात अहवालानुसार खते द्यावीत. मळणी वेगळी करून उताऱ्याबरोबर खतांच्या खर्चाचाही हिशेब मांडावा. उतारा सारखाच आला, तरी खर्च घटलेल्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या हाती जास्त पैसे उरतात.