आइस हॉकीचे साहित्य : किंमत आणि मोल

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद, हिरवे मैदान आणि पांढरा चेंडू उभा राहतो. कॅनडात मात्र नुसते ‘हॉकी’ म्हटले, तरी ती बर्फावरचीच समजली जाते. १९९४ साली कायदा करून त्या देशाने आइस हॉकीला राष्ट्रीय हिवाळी खेळाचा दर्जा दिला. टोरांटो आणि परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही शाळासोबत्यांच्या पाठोपाठ बर्फाच्या रिंककडे वळली, तर त्यात नवल नाही. आईवडिलांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो साहित्याच्या खर्चाचा.

क्रिकेटचा संच घ्यायचा म्हटला तरी आपल्याकडे हात आखडतो. येथे तर स्केट, स्टिक, जाळीसह हेल्मेट, मानेचा पट्टा, खांद्याचे, कोपराचे आणि नडगीचे पॅड, हातमोजे, ॲबडॉमिनल गार्ड आणि जाड अस्तराची पॅन्ट अशी दहा वस्तूंची यादी असते. मूल वाढत असल्याने त्यातील बरेचसे एकदोन हंगामांत आखूड होते. सर्वोच्च श्रेणीच्या स्केटची जोडी हजार कॅनेडियन डॉलरच्या पुढे जाते, तर नवशिक्यांची जोडी शंभर-दीडशे डॉलरच्या आसपास मिळते. एवढी तफावत असताना स्वस्त ते टाकाऊ समजावे काय?

तसे समजण्याचे कारण नाही. या बाजारात किंमत वाढते ती मुख्यतः हलकेपणा, ताठपणा आणि झटपट प्रतिसाद यांसाठी. व्यावसायिक खेळाडूच्या दृष्टीने काही ग्रॅम वजनालाही महत्त्व असते. आठवड्यातून दोनदा बर्फावर उतरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाच्या खेळात त्याने फरक पडत नाही. शरीराचे संरक्षण मात्र किमतीच्या प्रमाणात वाढत जात नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर बेताच्या पैशांतही चांगला संच उभा करता येतो.

श्रेणींची उतरंड

या व्यवसायातील दोन मोठी नावे म्हणजे बाउअर आणि सीसीएम. बाउअरची सुरुवात १९२७ साली ओंटारिओतील किचनर येथे झाली. सीसीएम म्हणजे ‘कॅनडा सायकल अँड मोटर’. १८९९ मध्ये सायकली बनवण्यासाठी निघालेली ही कंपनी पुढे स्केटकडे वळली. आज अशा कंपन्या एकाच नावाच्या मालिकेत चार-पाच श्रेणी काढतात. रंग, बोधचिन्ह आणि नाव सारखेच असते. बदलतो तो केवळ नावापुढचा आकडा. दूरवरून पाहता तळाची आणि माथ्याची वस्तू जुळी भावंडे वाटतात. मात्र, आतील फोम, कवचाचे द्रव्य आणि पात्याचे पोलाद निराळे असते. म्हणून नाव पाहून न भुलता मालिकेतील नेमकी श्रेणी कोणती, हे विचारावे.

एक-दोन वर्षांनी नवी मालिका आली, की जुनी सवलतीत निघते. मागील मालिकेतील मधल्या श्रेणीची वस्तू ही नव्या मालिकेतील तळाच्या वस्तूपेक्षा बहुधा सरस असते आणि किंमत जवळपास तेवढीच पडते. जाणकार पालक याच संधीची वाट पाहतात.

स्केट : खर्चाचा पहिला हक्कदार

पैसे कुठे तरी जास्त घालायचे असतील, तर ते स्केटवर. आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घेण्याची रीत आहे. स्केटच्या बाबतीत हीच रीत घातक ठरते. सैल बुटात घोटा डळमळतो, पाऊल आत सरकते आणि मुलाला तोल साधता येत नाही. मग खेळच नकोसा होतो. हॉकी स्केट साधारणतः नेहमीच्या बुटांपेक्षा एक ते दीड माप लहान घ्यावे लागतात. सरळ उभे राहिल्यावर बोटांची टोके पुढच्या भागाला किंचित टेकावीत आणि गुडघे वाकवताच टाच मागे घट्ट बसावी. वाढत्या मुलासाठी फार तर अर्ध्या मापाची सूट द्यावी.

बुटाचा दर्जा हातांनीच कळतो. घोट्याच्या दोन्ही बाजू तळव्यांमध्ये धरून दाबून पाहाव्यात. त्या सहज एकमेकींना भिडल्या, तर तो बूट घोट्याला आधार देणार नाही. नंतर स्केट सपाट टेबलावर उभा ठेवून पाते बुटाच्या मध्यरेषेत सरळ आहे का, ते मागून पाहावे. तळाचे रिव्हेट ढिले नकोत आणि पाते धरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीला तडा नको. अगदी स्वस्त जोडीचे पोलाद मऊ असते. त्याची धार लवकर जाते आणि ती पुन्हापुन्हा लावून घ्यावी लागते. प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात आणि पातेही झिजत जाते. पाते वेगळे काढून बदलता येत असेल, तर जोडीचे आयुष्य वाढते.

हेल्मेट : किंमत नव्हे, प्रमाणपत्र पाहा

आइस हॉकीचा पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि सुमारे १५६ ते १७० ग्रॅम वजनाची टणक रबरी चकती. तिच्यापासून, तसेच बर्फावरील आणि कडेच्या फळ्यांवरील आपटण्यापासून डोके वाचवायचे असते. त्यामुळे हेल्मेटवर प्रमाणन संस्थेची खूण असणे अत्यावश्यक आहे. कॅनडात ‘सीएसए’, अमेरिकेत ‘एचईसीसी’ आणि युरोपात ‘सीई’ अशा या खुणा आहेत. ‘एचईसीसी’चे प्रमाणन उत्पादनाच्या तारखेपासून साडेसहा वर्षांनी संपते, ती तारीख हेल्मेटवरच छापलेली असते.

खूण असलेले प्रत्येक हेल्मेट सारखेच चांगले असते, असे मात्र नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१५ मध्ये बाजारातील ३२ हॉकी हेल्मेटांची चाचणी घेऊन त्यांना तारे बहाल केले. पाच तारे एकालाही मिळाले नाहीत, चारही नाहीत. तीन तारे मिळवणारे एकच हेल्मेट निघाले आणि ते सर्वांत महागड्यांपैकी नव्हते. त्यानंतर उत्पादकांनी आपल्या रचना सुधारल्या. विद्यापीठाची क्रमवारी सर्वांना विनामूल्य पाहता येते. खरेदीपूर्वी तिच्यावर नजर टाकलेली बरी. अर्थात, मेंदूला बसणारा हादरा पूर्णपणे टाळेल असे हेल्मेट अद्याप कोणीही बनवलेले नाही.

मानेचा पट्टा ही तशी किरकोळ किमतीची वस्तू. पण तिचे महत्त्व जगाला फार मोठी किंमत मोजून कळले. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे सामना सुरू असताना ॲडम जॉन्सन या अमेरिकी खेळाडूच्या गळ्याला दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचे पाते लागले आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांत मानेचे संरक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे केले. कॅनडातील मुलांच्या हॉकीत ते त्याआधीपासूनच बंधनकारक होते. हा पट्टा घेताना त्याचे कापड पात्याने न कापले जाणारे आहे, असे स्पष्ट लिहिलेले असावे. केवळ जाड असून भागत नाही.

बचत कुठे करावी?

पॅड, पॅन्ट आणि हातमोजे यांत बचतीला वाव आहे. येथे दर्जापेक्षा माप अधिक महत्त्वाचे. नडगीच्या पॅडची वाटी गुडघ्याच्या बरोबर मध्यावर यावी आणि खालचे टोक स्केटच्या जिभेपर्यंत पोहोचावे. कोपराचे पॅड आणि हातमोजे यांच्यामध्ये उघडी जागा राहू नये. मध्यम श्रेणीचा, पण मापात बसणारा पॅड हा सैल बसणाऱ्या महागड्या पॅडपेक्षा केव्हाही सुरक्षित. हातमोज्यांचा तळवा सर्वांत आधी झिजतो. बाकी शिवण शाबूत असेल, तर नवा तळवा बसवून घेता येतो.

स्टिकच्या बाबतीत जाहिरातींचा मारा सर्वाधिक असतो. कार्बन फायबरच्या उंची स्टिकची किंमत साडेतीनशे-चारशे डॉलरपर्यंत जाते आणि एका फटक्यात ती मोडूही शकते. स्टिकवर छापलेला ‘फ्लेक्स’चा आकडा मात्र नीट पाहावा. स्टिक एक इंच वाकवण्यास किती पौंड जोर लागतो, हे तो सांगतो. खेळाडूच्या पौंडातील वजनाच्या निम्मा आकडा, हा ढोबळ ठोकताळा आहे. साठ पौंडांच्या मुलाच्या हाती ऐंशीची स्टिक दिली, तर त्याला ती वाकवताच येणार नाही, मग ती कितीही महाग असो. स्टिक वरून कापून आखूड केली, की ती आणखी ताठ होते, हेही लक्षात ठेवावे.

जुन्या वस्तूंचा बाजार

उत्तर अमेरिकेत वापरलेल्या क्रीडासाहित्याची दुकाने आहेत आणि हंगामाच्या तोंडावर ठिकठिकाणी अदलाबदलीचे मेळेही भरतात. पॅन्ट, नडगीचे पॅड आणि मुलांचे स्केट तेथून खुशाल घ्यावेत. जुनी कार्बनची स्टिक घेताना मात्र मडके पारखावे तशी टिचकी मारून पाहावी. आवाज बद्द आला, तर आत चीर असण्याचा संभव असतो. हेल्मेट शक्यतो नवेच घ्यावे. जुन्या हेल्मेटने किती तडाखे सोसले आहेत, हे बाहेरून दिसत नाही.

हा विषय आपल्याला अगदीच परका नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर अनेक वर्षांपासून आइस हॉकी खेळली जाते. एकेकाळी तेथील खेळाडू साध्या बुटांना पाती जोडून खेळत. पुढे परदेशातून देणगीदाखल आलेल्या वापरलेल्या साहित्यावर तेथील खेळ वाढला. प्रामुख्याने लडाखच्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक पटकावले. उत्तम खेळ घडण्यासाठी कोरे करकरीत साहित्य लागतेच असे नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

थोडक्यात, पैशांची वाटणी अशी करावी : स्केट मापाचे आणि घोट्याला आधार देणारे असावेत, हेल्मेट आणि मानेचा पट्टा नवा व प्रमाणित असावा. उरलेल्या पैशांत पॅड आणि पॅन्ट मागील हंगामातील किंवा वापरलेली घ्यावी. स्टिक सर्वांत शेवटी आणि सर्वांत साधी. मूल दोन हंगाम खेळात रमले, तर चांगली स्टिक घेण्यास पुढे भरपूर अवधी असतो.