प्रवरा देते आणि घेतेही

प्रवरेकाठी जमीन घ्यायची झाली की आमच्याकडचे वडीलधारे सातबाऱ्याच्याही आधी विचारतात, तुकडा वळणाच्या कोणत्या अंगाला आहे? प्रश्न साधा आहे, पण नदीचे निम्मे शास्त्र त्यातच आले.

वळणावर पाण्याचा जोर बाहेरच्या काठावर पडतो. तिथली दरड खालून पोखरली जाते आणि ढासळते. आतल्या अंगाला पाणी मंदावते, वाळू बसते, तिच्यावर पोयटा. एकाचे शेत वर्षागणिक आखडते, समोरच्याचे वाढते. वाढलेला तुकडा आपोआप आपला झाला असे मात्र समजू नये. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत मळईच्या आणि वाहून गेलेल्या जमिनीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. भावाबहिणींत वाटणी करताना हे आधी पाहावे. बहिणीच्या हिश्श्याला नेमकी दरडीकडची बाजू येते, हे आम्ही बरेचदा पाहिले आहे.

मळईलाही वय असते. कोवळी असताना ती दर पुरात भिजते, गाळ घेते आणि हळूहळू उंच होते. मग पूर तिच्यावर क्वचितच चढतो. नदीने सोडलेल्या जुन्या पात्राचे डबके होते, पुढे तेही बुजते आणि त्यावर पीक उभे राहते. प्रवरेने तर याहून मोठे काम केले. स्वतःच साठवलेल्या जुन्या गाळात ती खोल उतरली. म्हणून संगमनेर ते नेवासे काठ ठिकठिकाणी कड्यासारखे उंच दिसतात आणि पावसाचे ओहोळ त्यांत घळी पाडतात. नेवाशाजवळ अशा थरांतल्या दगडगोट्यांत अश्मयुगीन माणसाची हत्यारे सापडली. ह. धी. सांकलिया यांनी 1954 पासून नेवाशाला उत्खनन केले. जोर्वे आणि दायमाबाद ही तीन हजार वर्षांहून जुनी गावेही याच नदीकाठची.

भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पुरे झाले. धरणामुळे पूर कमी येतात, त्याबरोबर नवा गाळही. लोकांना वाटते, नदी निजली. मग बुजलेल्या पात्रावर प्लॉट पडतात. त्यात वाळूचा उपसा! पात्र खोल गेले की दरडीचा पायथा सुटतो आणि काठच्या विहिरींचे पाणी उतरते.

प्लॉट दाखवायला कोणी नेले तर शेजारच्या विहिरीत डोकावून पाहा. मातीखाली लगेच गोल गोटे आणि वाळू दिसली, तर गावातल्या एखाद्या दादीला विचारा, तिच्या लहानपणी पुराचे पाणी कुठवर आले होते.