‘गिमिक’ : एका समीक्षाशब्दाचा अर्थ आणि उपयोग

नाट्यपरीक्षणे वाचताना ‘हे निव्वळ गिमिक आहे’ असे वाक्य आपल्या नजरेस आले असेल. त्या वाक्यापाशी पुष्कळदा विचारही थांबतो. उत्तरपत्रिका तपासताना मला प्रश्न पडतो, की लिहिणाऱ्याने कृतीविषयी काही सांगितले, की केवळ आपली नापसंती नोंदविली? हा शब्द वापरायचा, तर त्याचा अर्थ नीट जाणून घ्यावयास हवा.

‘गिमिक’ हा अमेरिकी इंग्रजीतला बोलीशब्द. छापील मजकुरात तो १९२०च्या दशकापासून आढळतो. जत्रेतील जुगाराचे चक्र हव्या त्या आकड्यावर थांबविण्यासाठी बसविलेली गुप्त कळ म्हणजे गिमिक. जादूगारही प्रेक्षकांच्या नजरेआड राहणाऱ्या साधनाला हेच नाव देत. व्युत्पत्ती मात्र अनिश्चित आहे. ‘मॅजिक’ या शब्दातील अक्षरांची उलटापालट करून तो बनला, असा एक तर्क केला जातो. तो रंजक आहे, पण रंजक व्युत्पत्तीबाबत भाषाभ्यासकाने जरा सावधच असावे.

पुढे जे अर्थांतर घडले, ते लक्षणीय आहे. जुगाऱ्याची कळ दिसली, तर ती निरुपयोगी ठरे. आजचे गिमिक दिसलेच नाही, तर ते निरुपयोगी ठरते! लपविण्याचे साधन दाखविण्याचे साधन झाले. फसवणुकीची छटा मात्र टिकून राहिली : वस्तू आहे त्याहून मोठी भासवायची.

अमेरिकी चित्रपटनिर्माता विल्यम कॅसल याचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. ‘मकाब्र’ (१९५८) पाहताना भीतीने मृत्यू ओढवल्यास १००० डॉलरचा विमा मिळेल, अशी हमी त्याने प्रेक्षकांना दिली. या विम्याचा कथानकाशी काहीही संबंध नव्हता. हे शुद्ध गिमिक. ‘द टिंगलर’च्या (१९५९) वेळी त्याने काही चित्रपटगृहांत खुर्च्यांखाली छोट्या मोटारी बसवून त्या ऐन भयप्रसंगी थरथरविल्या. कथेतला जीव भीतीमुळे पाठीच्या कण्यावर वाढतो आणि शेवटी चित्रपटगृहातच मोकाट सुटतो. तेव्हा ही थरथर कथेला अगदीच परकी म्हणता येईल का? येथे निर्णय तितका सोपा राहत नाही.

मराठीत नेमका प्रतिशब्द सापडत नाही. ‘क्लृप्ती’त बुद्धीचे कौतुक आहे, ‘हातचलाखी’ नजरेआड चालते, ‘चमकोगिरी’ व्यक्तीला चिकटते, तर ‘स्टंटबाजी’ला राजकारणाचा वास येतो. ‘चमत्कृती’ हा शब्द जवळचा वाटतो खरा. परंतु आपल्या काव्यशास्त्रात चमत्कार हा बहुधा गुणच मानलेला आहे. शंका मात्र जुनी आहे. व्यंग्यार्थाविना केवळ शब्दार्थांच्या करामतीवर उभ्या असलेल्या चित्रकाव्याला मम्मटाने ‘अवर’, म्हणजे कनिष्ठ, ठरविले होते. म्हणून ‘गिमिक’ हा शब्द तसाच स्वीकारावा, असे माझे मत आहे. मराठीत तो बहुधा नपुंसकलिंगी चालतो : ‘ते गिमिक’.

आता आपल्या रंगभूमीकडे वळू. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकात गाणाऱ्या-नाचणाऱ्या नटांची रांग कधी पडदा, तर कधी भिंत होते. डॉ. जब्बार पटेल यांच्या प्रयोगात ही रांग डोळ्यांत भरणारी होती; लक्ष वेधणे हा तिचा हेतू होताच. पण ती काढून पाहा. रांगेमागे जे चालते, ते झाकणारी माणसेच नाहीशी होतात आणि समाज स्वतःच पडदा होतो, हा नाटकाचा आरोप लंगडा पडतो. कॅसलचा विमा काढून टाकला, तर चित्रपटातले एक दृश्यही बदलत नाही. साधन किती भडक आहे, यापेक्षा ते काढल्यावर कृतीतून काय जाते, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

स्वाध्याय : आपण पाहिलेल्या एखाद्या नाटकातील लक्षवेधी युक्ती निवडा. ‘गिमिक’ हा शब्द न वापरता ती युक्ती कृतीत काय करते, हे दहा ओळींत लिहा. त्यानंतर तो शब्द तिला लावायचा की नाही, ते ठरवा.