पोळ्याचा नैवेद्य आणि बैलाचे पोट



पिठोरी अमावस्येस पांढुर्णा व सौंसर भागातील गावोगावी पोळा भरतो. पोळा फुटल्यावर बैलजोडी दारोदार ओवाळली जाते आणि प्रत्येक घरी पुरणपोळीचा घास दिला जातो. देणारा एकच पोळी देतो. बैलाच्या पोटात मात्र साऱ्या आळीच्या पोळ्या जातात. म्हणून बैलाच्या पचनाविषयी थोडी माहिती येथे देत आहोत.

आपण पोळी खाल्ली की तिच्यातील पिष्टाची साखर होते व ती लहान आतड्यातून सरळ रक्तात जाते. गाय-बैलांचे तसे नाही. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला व सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. मोठ्या जनावरात त्यात शंभर लिटरहून अधिक ऐवज मावतो. तेथे कोट्यवधी सूक्ष्मजीव कडबा-कुटार आंबवितात. त्यातून निर्माण होणारी मेदाम्ले हीच बैलाची खरी शिदोरी; त्याच्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा त्यांतून येतो. बैल आधी सूक्ष्मजीवांना जेवू घालतो व त्यांच्या कमाईवर जगतो, असे म्हटले तरी चालेल. रवंथ करताना सुटणारी लाळ तेथील आंबटपणा आटोक्यात ठेवते.

घोडाही गवतच खातो, पण रवंथ करीत नाही. त्याच्याकडे आंबविण्याचे काम लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात चालते. आपल्याकडील काळतोंड्या वानराच्या जठरालाही कप्पे असतात व पाने तेथे आंबतात. त्यामुळे वानरांपुढे पेढे-बुंदी टाकणेही योग्य नव्हे.

गूळ, पुरण व कणीक कोटीपोटात एकदम गेली की ती फार वेगाने आंबतात व लॅक्टिक आम्ल साचते. उपयोगी सूक्ष्मजीव मरतात, शरीरातील पाणी पोटाकडे ओढले जाते आणि जनावर आतून कोरडे पडते. नव्या खाद्याची सवय होण्यास त्या सूक्ष्मजीवांना दोन-तीन आठवडे लागतात, आणि सण तर एका दिवसाचा. लक्षणे बहुधा अर्ध्या ते दीड दिवसात दिसतात. नेमके तेव्हा पांढुर्ण्यात सारे लोक जाम नदीवर गोटमारीस गेलेले असतात व गोठ्याकडे कोणी फिरकत नाही.

तरी नैवेद्याचा मान घासभर पुरणपोळीने पुरा करावा व पुढच्या दारी बैलासमोर हिरवा चारा धरावा. उरलेले अन्न गव्हाणीत ओतू नये. दुसऱ्या दिवशी घरातील एकाने तरी बैलाजवळ थांबावे. रवंथ बंद होणे, डावी कूस फुगणे, पातळ आंबूस शेण, अडखळत चालणे, यांपैकी काही दिसल्यास धान्य व ढेप थांबवून पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. तोपर्यंत बळेच तेल किंवा काढा पाजू नये. तो श्वासनलिकेत उतरण्याचे भय असते.