स्टेअरिंगचं तेल गळतंय? पंप बदलण्याआधी हा छोटा स्विच तपासा

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्या आजही घरोघरी दिसतात. कुणी त्यातून एमआयडीसीत शिफ्टला जातं, कुणी अम्मी-अब्बांना तपासणीसाठी मुंबईला किंवा वापीला नेतं. लग्नसराईत तर एकाच गाडीवर सगळ्या खानदानाचा भार असतो. अशा गाडीखाली एक दिवस लालसर तेलाचा डाग दिसतो. डबीतलं तेल वरचेवर कमी होतं आणि वळण घेताना पंप घूं-घूं आवाज करू लागतो. गॅरेजमध्ये नेलं की बऱ्याचदा उत्तर ठरलेलं असतं, "पंप गेला" किंवा "रॅक गेला". दोन्ही कामं खर्चाची.

कधी कधी खरोखरच पंप किंवा रॅक गेलेला असतो. पण अनेक पेट्रोल गाड्यांत तेल सुटण्याची आणखी एक जागा असते. अंगठ्याएवढा एक स्विच, पॉवर स्टेअरिंगचा प्रेशर स्विच. तो अशा कोपऱ्यात बसवलेला असतो की वरून नीट दिसत नाही आणि हातही पोचत नाही. म्हणून तो तपासायचा राहून जातो आणि त्याच्याऐवजी महागडा भाग बदलला जातो. हजारो रुपये खर्च होतात आणि आठवड्याभरात डाग पुन्हा हजर!

आधी ओळखा, तुमची गाडी कोणत्या जातीची

१९५१ मध्ये अमेरिकेत क्रायसलर कंपनीने तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग विक्रीच्या मोटारीत आणलं. पुढे कित्येक दशकं हीच पद्धत जगभर चालली. १९८८ मध्ये सुझुकीने आपल्या सर्वो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं स्टेअरिंग दिलं. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या छोट्या गाड्यांत हीच विजेची पद्धत आहे. त्यात स्टेअरिंगचं तेलच नसतं, त्यामुळे अशा गाडीखालचा डाग दुसऱ्या कशाचा तरी असणार.

बॉनेट उघडा. स्टेअरिंगचं चित्र असलेली तेलाची डबी दिसली तर गाडी तेलाच्या पद्धतीची. ह्युंदाई अ‍ॅक्सेंट, होंडा सिटीचं अगदी पहिलं मॉडेल, जुनी इनोव्हा, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ, टवेरा या तेलवाल्या गाड्या. मात्र तेलाच्या प्रत्येक गाडीत हा स्विच असतोच असं नाही. जुन्या डिझेल गाड्यांत तो बहुधा नसतो. पेट्रोल गाड्यांत तो सापडण्याची शक्यता जास्त.

स्विचचं काम काय?

शाळेत मुलांना पास्कलचा नियम शिकवतो, की बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. स्टेअरिंगमध्ये हेच घडतं. इंजिनच्या बेल्टवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. स्टेअरिंग पूर्ण टोकाला वळवलं की या पाइपातला दाब ६० बारच्याही वर जाऊ शकतो.

एवढा दाब तयार करायला पंप इंजिनकडून ताकद घेतो. गाडी रस्त्यावर पळत असेल तर ते जाणवत नाही. पण बोईसरच्या बाजारात गाडी पार्क करताना इंजिन अगदी हळू फिरत असतं. तेव्हाच स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर इंजिनवर एकदम भार येतो आणि ते बंद पडू शकतं. इथे आपला स्विच कामाला येतो. दाब वाढला की तो इंजिनच्या कॉम्प्युटरला इशारा देतो आणि कॉम्प्युटर इंजिनचा वेग जरासा वाढवतो.

स्विचच्या एका बाजूला दाबाचं तेल आणि दुसऱ्या बाजूला वायरचा कपलर. मध्ये असतो एक पातळ पडदा आणि सील. वर्षानुवर्षं गरम तेल आणि दाब सोसून ते थकतं. मग तेल स्विचच्या आतून वर चढतं आणि थेट कपलरमध्ये शिरतं. काही वेळा बिघाड एवढा खोल नसतो. स्विचच्या बुडाशी असलेला वॉशर किंवा ओ-रिंग गेलेली असते आणि तेल आट्यांच्या कडेने पाझरतं.

गळती नक्की कुठून? ही तपासणी करा

खाली पडलेला थेंब कुठून निघाला ते सांगत नाही. तेल पाइपावरून, ब्रॅकेटवरून वाहत भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून क्रमाने चला.

१. डाग कशाचा ते पाहा. एसीचं पाणी स्वच्छ असतं. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळं असतं. कूलंटही कधी लाल-गुलाबी असतं, पण बोटांना पाण्यासारखं लागतं. स्टेअरिंगचं तेल बहुधा लालसर, जुनं झालं की तपकिरी, आणि चांगलंच बुळबुळीत असतं.

२. इंजिन थंड असताना पंप, पाइप आणि आजूबाजूचा भाग फडक्याने आणि क्लीनरने पुसून कोरडा करा. तेलाने माखलेल्या जागेत नवी गळती दिसत नाही.

३. एकाला आत बसवा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश वळवायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन पाहा. ओढणी, सैल बाही, हात बेल्ट आणि पंख्यापासून दूर ठेवा. दाबाच्या पाइपावर बोट फिरवून गळती शोधू नका.

४. आता इंजिन बंद करून स्विचचा कपलर काढा. आत तेल दिसलं तर स्विच आतून फुटलेला आहे, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. कपलर कोरडा आणि स्विचचं बूड ओलं असेल तर आधी वॉशर किंवा ओ-रिंगवर संशय घ्या. दोन्ही कोरडे असतील तर मग पाइपाचे जोड, पंपाचं सील आणि रॅकचे रबरी बूट पाहा.

गळती छोटी आहे म्हणून महिनोन्महिने नुसतं तेल ओतत राहणं बरोबर नाही. हे तेल गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो आणि आगीचा धोका असतो. अल्टरनेटरमध्ये गेलं तर तोही बिघडू शकतो. कपलरमध्ये शिरलेलं तेल वायरच्या आवरणातून पुढे सरकत राहतं. आणि तेल संपलं की पंप कोरडा फिरून खरोखरच निकामी होतो. मनोरजवळ हायवेच्या ट्रकांमध्ये स्टेअरिंग अचानक दगडासारखं जड झालं, तर सवय नसलेल्या माणसाची घाबरगुंडी उडते. अशा वेळी लक्षात ठेवा, चाकं तरीही वळतात, फक्त जोर खूप लागतो. दोन्ही हातांनी घट्ट धरून, वेग कमी करत गाडी कडेला घ्या.

हात पोचत नाही, मग वाट कोणती?

हा स्विच गाडीनुसार पंपाच्या अंगावर, दाबाच्या पाइपावर किंवा रॅकजवळ असतो. समोर अल्टरनेटर, मागे इंजिन, वर पाइपांचं जाळं. घाईत पाना आडवा लावला की स्विचचे कोपरे झिजतात आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. वाटा तीन आहेत.

पहिली, वरून. एअर फिल्टरचा डबा किंवा त्याचा पाइप काढला की बरीच जागा होते. दुसरी, खालून. पुढची बाजू उचलून खालचं प्लास्टिक कव्हर काढायचं. तिसरी, चाकाच्या बाजूने. पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढलं की काही गाड्यांत पंप समोरच दिसतो. आधी मोबाइलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ काढा आणि मग वाट ठरवा.

जुन्या स्विचच्या मापाचा खोल सॉकेट, लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा जोड घ्या. उघड्या तोंडाचा पाना शेवटचा पर्याय. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत आटे गंजून धरतात, म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

बदलण्याची पद्धत

नवा स्विच तुमच्या मॉडेल आणि वर्षाचाच हवा. दिसायला सारखे असले तरी आटे आणि दाबाची मर्यादा वेगळी असते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात, पण हा भाग जुना घेऊ नका. त्यातलं रबरही तितकंच वय झालेलं असतं. सोबत नवा वॉशर किंवा ओ-रिंग घ्या. तेल कोणतं ते डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. अनेक गाड्यांना डेक्सरॉन जातीचं एटीएफ चालतं, होंडासारख्या काहींना वेगळं लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, त्याने सगळी सीलं फुगून खराब होतात.

गाडी सपाट जागी लावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी उचलायची असेल तर जॅकबरोबर जॅक स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून कुणीही गाडीखाली शिरू नये. डबीतलं तेल मोठ्या सिरिंजने काढून घ्या. अल्टरनेटर आणि बेल्टवर प्लास्टिक झाका, खाली ट्रे ठेवा.

कपलर काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून सोडवा. सॉकेट सरळ बसवून स्विच डावीकडे फिरवा. स्विच पाइपावर असेल तर दुसऱ्या पान्याने पाइपाचा जोड धरून ठेवा, नाहीतर पाइप पिळला जाईल. जुना वॉशर आत चिकटून राहिला नाही ना, ते पाहा. बसण्याची जागा फडक्याने पुसा. मातीचा कणही आत जाता कामा नये.

नवी ओ-रिंग त्याच तेलात ओली करा. पहिले काही आटे फक्त बोटांनी बसवा. जागा अडचणीची असल्याने स्विच तिरका जाण्याची भीती इथेच असते. अडखळलं तर जोर लावू नका, उलटा काढून पुन्हा बसवा. पंपाचं अंग बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, त्यातले आटे गेले तर खरंच पंप बदलावा लागेल. शेवटी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतकंच आवळा.

टेफ्लॉन टेप गुंडाळायचा मोह होतो. कंपनीने सांगितलं नसेल तर तो टाळा. टेपचे तुकडे आत जाऊ शकतात. शिवाय एकाच वायरचा स्विच आपली अर्थिंग आट्यांतूनच घेतो, टेपने ती तुटू शकते. वरून एम-सील थापणं हाही इलाज नाही, एवढ्या दाबापुढे ते टिकत नाही. कपलरमधलं तेल कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून मगच जोडा.

हवा काढल्याशिवाय काम पुरं नाही

डबी खुणेपर्यंत भरा. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून उचललेली ठेवून, इंजिन बंद असतानाच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा. तेल खाली गेलं की भरत राहा. मग बॅटरी जोडून इंजिन सुरू करा आणि हेच पुन्हा करा. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तेलात फेस किंवा बुडबुडे दिसत असतील तर अजून हवा आहे. थोडा वेळ थांबून पुन्हा फिरवा. आवाज गेला, फेस गेला आणि स्विच कोरडा राहिला, की काम झालं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तेलाची पातळी जरूर पाहा.

गॅरेजला द्यायची असेल तर

वरचं वाचून हे आपल्याला झेपणार नाही असं वाटलं तर त्यात कमीपणा नाही. पण गाडीची चावी देताना अब्बा असोत की आपा, एवढं नक्की म्हणा: "उस्ताद, आधी धुऊन तेल कुठून सुटतंय ते दाखवा. स्विचचा कपलर माझ्यासमोर काढा. बदललेला जुना भाग मला परत द्या." चांगला मिस्त्री यावर नाराज होत नाही. स्विचची किंमत पंप किंवा रॅकच्या मानाने किरकोळ असते, मजुरी मात्र जागेच्या अडचणीमुळे जास्त लागू शकते. ती मजुरी रास्त आहे, मेहनत त्यातच आहे. गाडी विकायला काढली असेल तर डाग पुसून गिऱ्हाईक दाखवू नका, गळती सांगून सौदा करा. घेणाऱ्याचीही मुलंबाळं त्याच गाडीत बसणार आहेत.

आणि ते काढलेलं तेल?

ते गटारात किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतू नका. देशाच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं तेल येतं. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचा प्रश्न हरित लवादापर्यंत गेला, कारण त्याचा फटका खाडीला आणि मच्छीमारांच्या पोटाला बसला. कारखान्यांना बोल लावणाऱ्या आपण आपलं अर्धा लिटर तेल त्याच नाल्यात सोडावं, हे शोभत नाही. बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

आज गाडी काढण्याआधी एकदा वाकून खाली पाहा आणि डबीतली पातळी तपासा. डाग दिसला तर पंपाचा भाव विचारण्याआधी तो कपलर काढून बघायला सांगा.